पुरलेल्या बाटल्या, गोठवलेले जिवाणू आणि ते पुढे सोपवणारी माणसं

रानजाई (धागाकर्ती)

विद्यापीठाच्या जीवशास्त्र विभागाची बातमी म्हटली की ठरलेल्या गोष्टी डोळ्यांसमोर येतात. कुणाचा तरी शोधनिबंध मोठ्या नियतकालिकात आला, कुणाला अनुदान मिळालं, कुणी निवृत्त झालं. मी मात्र गेली काही वर्षं दोन बातम्या मनात घेऊन फिरते आहे. दोन्ही अमेरिकेतल्या मिशिगन स्टेट युनिव्हर्सिटीच्या, एक २०२१ची आणि एक २०२२ची. त्यांवर सविस्तर लिहायचं कधीचं मनात होतं, आज बसले.

पहिली बातमी: एप्रिल २०२१मध्ये तिथल्या वनस्पतिशास्त्राच्या काही जणांनी पहाटेच्या अंधारात विद्यापीठाच्या आवारातली जमीन खणून काचेची एक बाटली बाहेर काढली. ती बाटली १८७९ साली पुरलेली होती.

तेव्हा हे विद्यापीठ म्हणजे शेतीचं एक कॉलेज होतं, आणि विल्यम जेम्स बील तिथे वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक होते. त्यांचा प्रश्न अगदी शेतकऱ्याचा होता. कितीही निंदलं तरी तण परत येतंच, मग जमिनीत पडलेलं तणाचं बी जिवंत राहतं तरी किती वर्षं? उत्तरासाठी त्यांनी २० बाटल्या घेतल्या. २१ जातींच्या वनस्पतींचं प्रत्येकी ५० बी, म्हणजे एका बाटलीत १,०५० बिया, ओलसर वाळूत मिसळून भरल्या. बूच लावलं नाही. आत पाणी साचू नये म्हणून तोंड खालच्या बाजूला तिरपं ठेवून बाटल्या पुरल्या. दर पाच वर्षांनी एक काढायची आणि त्यातलं काय काय रुजतं ते पाहायचं, एवढीच योजना.

पाच वर्षांच्या हिशोबाने २० बाटल्या म्हणजे शंभर वर्षं. हा माणूस वयाच्या पंचेचाळिशीनंतर असा प्रयोग मांडत होता की ज्याचा शेवट आपण पाहणार नाही हे त्याला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. १९१०मध्ये निवृत्त होताना त्यांनी तो हेन्री डार्लिंग्टन यांच्याकडे सोपवला. पुढच्या माणसांनी पाहिलं की काही बिया अजून तग धरून आहेत, म्हणून अंतर दहा वर्षांवर नेलं, नंतर वीसवर. शंभर वर्षांचा प्रयोग असा दोनशे एकवीस वर्षांचा झाला. २०२१ची बाटली सोळावी. उरल्या चार: २०४०, २०६०, २०८० आणि २१००.

खरं तर सोळावी बाटली २०२०मध्येच निघायची होती. महासाथीमुळे आवार बंद झालं आणि ती एक वर्ष आणखी जमिनीत राहिली.

त्यातून काय निघालं? १४१ वर्षांपेक्षा जास्त काळ पुरलेलं व्हर्बास्कम ब्लाटारिया या पिवळ्या फुलांच्या तणाचं बी रुजलं. ५० पैकी वीसच्या घरात रोपं आली. त्यांची जनुकीय तपासणी केल्यावर एक रोप संकरित निघालं, ब्लाटारिया आणि त्याच वंशातलं थाप्सस यांचं. बीलनी १८७९मध्ये बी गोळा केलं तेव्हाच ते नकळत त्यात आलं असणार. हाताने मोजून भरलेल्या पन्नासात एक वेगळं बी आहे हे कळायला एवढा काळ जावा लागला, कारण ते ओळखायचं साधनच मधल्या पिढ्यांकडे नव्हतं.

दुसरी बातमी: २०२२मध्ये त्याच विद्यापीठातून जिवाणूंच्या बारा वसाहती टेक्सासला, ऑस्टिनच्या विद्यापीठात गेल्या. मिशिगनचे जीवशास्त्रज्ञ रिचर्ड लेन्स्की यांनी त्या जेफ्री बॅरिक यांच्याकडे सोपवल्या. बॅरिक पूर्वी त्यांच्याच प्रयोगशाळेत काम केलेले.

जिवाणू पिढ्यानपिढ्या कसे बदलत जातात ते पाहण्याचा हा प्रयोग २४ फेब्रुवारी १९८८ला कॅलिफोर्नियात अर्व्हाइन इथे सुरू झाला आणि १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला लेन्स्कींबरोबर मिशिगनला आला. ई. कोलाय या जिवाणूच्या एकाच पूर्वजापासून बारा फ्लास्क. प्रत्येकात १० मिलिलिटर द्रव, त्यात अगदी थोडं ग्लुकोज. रोज प्रत्येक फ्लास्कमधून ०.१ मिलिलिटर उचलून ९.९ मिलिलिटर ताज्या द्रवात घालायचं. जिवाणू चोवीस तासांत पुन्हा शंभरपट होतात, म्हणजे रोज साधारण ६.६४ पिढ्या. दर ५०० पिढ्यांनी, म्हणजे अडीच महिन्यांनी, थोडे जिवाणू उणे ८० अंशांच्या फ्रीजरमध्ये ठेवून द्यायचे. ते मरत नाहीत, थांबतात. हवं तेव्हा पणजोबा आणि पणतू दोघांना जागं करून एकाच फ्लास्कमध्ये सोडता येतं आणि कोण वरचढ ठरतो ते मोजता येतं. टेक्सासला हलवताना प्रयोगाने ७५,००० पिढ्या गाठल्या होत्या.

मी एका छोट्या प्रयोगात सलग चौदा महिने रोजची ट्रान्सफर घातलेली आहे. आमच्याकडे सहाच फ्लास्क होते. फ्लास्क उजेडासमोर धरून किंचित हलवला की तळातून रेशमासारखी एक लाट वर येते, त्यावरून समजायचं की रात्री नीट वाढ झाली. मग ज्योतीपाशी फ्लास्कचं तोंड फिरवून घ्यायचं, शंभर मायक्रोलिटर उचलायचं, नव्यात सोडायचं, वहीत वेळ आणि सही. सगळं पंचवीस मिनिटांचं काम. पण ते रविवारी असतं, तापात असतं, घरी कुणी गेलेलं असतं तेव्हाही असतं. म्हणून लेन्स्कींच्या प्रयोगाबद्दल वाचलं की मला आधी ते हात दिसतात, निबंध नंतर. तीस-पस्तीस वर्षं रोज कुणीतरी तो फ्लास्क उचलला. विभागाच्या बातम्यांत त्यांचं नाव क्वचित येतं आणि ते यायला हवं असं मला मनापासून वाटतं.

सोपवणं हे शास्त्रातलं एक स्वतंत्र कौशल्य आहे असं माझं मत झालंय. तुमचे अनुभव लिहा.

---

पानगळ

फार सुंदर लिहिलंय. एक शंका. बाटली पहाटे अंधारात का काढली? लोकांनी जागा पाहू नये म्हणून?

---

रानजाई

जागा गुप्त आहेच. नकाशा मोजक्या लोकांकडे असतो. तो एकाच माणसाजवळ राहू नये म्हणून प्रयोग सांभाळणारे वनस्पतिशास्त्रज्ञ फ्रँक टेलेव्स्की यांनी तरुण सहकाऱ्यांना सामील करून घेतलं आणि २०२१च्या खणण्यात तेही होते.

पण अंधाराचं मुख्य कारण बियांचं आहे. बऱ्याच तणांच्या बारीक बियांना रुजायला प्रकाशाचा इशारा लागतो. बियांत फायटोक्रोम नावाचं प्रथिन असतं. लाल प्रकाश पडला की त्याचं रूप बदलतं आणि आतली यंत्रणा चालू होते. काही जातींना क्षणभराचा प्रकाशही पुरतो. बाटली उन्हात काढली असती तर काही बिया प्रयोगशाळेत पोचायच्या आतच जाग्या झाल्या असत्या आणि बाकीच्या बाटल्यांवर उजेड पडला असता तर त्यांचंही गणित बिघडलं असतं.

---

मातीचाकण

हे वाचून एक जुनं कोडं सुटलं. माझं काम तणव्यवस्थापनाचं आहे. जमीन वर्षानुवर्षं पडीक असते, वर गवताशिवाय काही दिसत नाही, आणि एकदा नांगर फिरला की पंधरा दिवसांत असं तण उसळतं की कुणी मुद्दाम पेरावं. लोक म्हणतात वाऱ्याने आलं. पुष्कळदा ते तिथेच असतं. नांगराने बी वर येतं, क्षणभर उजेड बघतं, परत मातीआड जातं, तेवढं बास. बारीक बीला हे सोयीचंही आहे. त्याच्याकडे शिदोरी थोडी. खोलवर अंधारात रुजलं तर पृष्ठभागापर्यंत पोचायच्या आत संपेल.

बीलच्या प्रयोगातली मला सगळ्यात मोलाची गोष्ट म्हणजे २१ जातींपैकी बहुतेक जाती पहिल्या काही दशकांतच बाद झाल्या. 'तणाचं बी शंभर वर्षं टिकतं' असं सरसकट म्हणता येत नाही. कुठलं तण आहे त्यावर आहे. काहींचा साठा चार-पाच वर्षं फुलू दिलं नाही तर आटतो, काहींचा तुमच्या हयातीत आटत नाही. शेतात कशावर कष्ट घालायचे हे त्यावरून ठरतं.

जमिनीतल्या बियांच्या साठ्यावर वेगळा धागा निघाला तर लिहीन.

---

शेवाळ

+१. मातीचाकण, नक्की लिहा.

---

सडेतोड

लेख आवडला, पण दुसऱ्या प्रयोगाबद्दल माझं मत वेगळं आहे आणि ते मांडतो.

लेन्स्कींच्या प्रयोगाची सगळ्यात गाजलेली गोष्ट म्हणजे सायट्रेट (लिंबातल्या आम्लाचा क्षार) खाणारे जिवाणू. ई. कोलायला ऑक्सिजन असताना सायट्रेट खाता येत नाही, आणि बारापैकी एका वसाहतीत ३१,५०० पिढ्यांच्या आसपास ते जमलं. त्यावर 'उत्क्रांतीतली दुर्मीळ झेप' असं लिहिलं गेलं. पण २०१६मध्ये आयडाहो विद्यापीठाच्या व्हॅन हॉफवेगन, मिनिच वगैरेंनी सायट्रेटवरच जिवाणू ठेवून तोच गुण काही आठवड्यांत मिळवला. १०० पिढ्यांच्या आत. मग वीस वर्षं थांबून नेमकं काय मिळालं? सार्वजनिक पैशावर चालणाऱ्या प्रयोगाला हा प्रश्न विचारलाच पाहिजे. दीर्घ आहे म्हणून थोर आहे असं होता कामा नये.

---

रानजाई

सडेतोड, हा प्रश्न हवाच होता.

आयडाहोचं काम खरं आहे आणि चांगलं आहे. पण तिथे जिवाणूंना ग्लुकोज संपल्यावर सायट्रेटच्या सान्निध्यात बराच वेळ ठेवलं होतं. उपाशी पेशींत ज्या कुणाला थोडंही जमेल तो वाचेल अशी थेट निवड होती. लेन्स्कींच्या फ्लास्कमध्ये सायट्रेट पहिल्या दिवसापासून होतं, पण चोवीस तास झाले की ट्रान्सफर. किंचित जमणाऱ्याला तेवढ्या वेळात फायदा दाखवता येत नाही. त्यामुळे 'दुर्मीळ' हा शब्द त्या परिस्थितीपुरता आहे. लेन्स्की आणि त्यांचे सहकारी झॅकरी ब्लाउंट यांनी उत्तरात हाच मुद्दा मांडला.

आता वीस वर्षांनी काय दिलं ते सांगते. ब्लाउंट यांनी फ्रीजर उघडला. वेगवेगळ्या पिढ्यांचे गोठवलेले जिवाणू जागे करून तीच गोष्ट पुन्हा पुन्हा घडवून पाहिली, एकूण ४० लाख कोटी पेशी तपासल्या. सायट्रेटचा गुण पुन्हा आला तो फक्त २०,०००व्या किंवा त्यानंतरच्या पिढीतल्या जिवाणूंत. मूळ पूर्वजात एकदाही नाही. म्हणजे आधी काहीतरी पायाभरणी झाली होती, जी त्या वेळी कुणालाही दिसली नव्हती. नंतर २०१२मध्ये कळलं की सायट्रेट आत घेणाऱ्या जनुकाची एक जादा प्रत तयार झाली आणि ती अशा स्विचच्या मागे जाऊन बसली, जो ऑक्सिजन असतानाही चालू असतो.

आठवड्यांच्या प्रयोगातून 'हे होऊ शकतं' एवढं कळतं. 'इथपर्यंत कोणत्या वाटेने आले आणि कुठल्या वळणाआधी ते शक्यच नव्हतं' हे कळायला वाटेवरचे सगळे मुक्काम जपून ठेवलेले असावे लागतात. मला हा फ्रीजर प्रयोगाचा खरा निकाल वाटतो.

आणि सायट्रेट हा एकच निकाल नाही. ५०,००० पिढ्यांनंतर हे जिवाणू त्याच द्रवात पूर्वजापेक्षा साधारण ७० टक्के वेगाने सरस झाले होते. सुधारणेचा वेग मंदावत गेला, तरी थांबला नाही. एवढ्या साध्या, न बदलणाऱ्या जगात काही हजार पिढ्यांत सुधारणा संपेल असं वाटत होतं. ती संपत नाही हे २०१३मध्ये आकड्यांनी मांडता आलं. पाच वर्षांच्या अनुदानात मावणारा प्रयोग हे कधीच दाखवू शकला नसता.

---

सडेतोड

फ्रीजरचा मुद्दा पटला. वेगाच्या आकड्यांबद्दल मात्र आणखी वाचून मग बोलेन. 'सुधारणा कधीच संपत नाही' आणि 'आम्ही पाहिलं तोवर संपली नाही' यांत फरक आहे.

---

रानजाई

फरक आहे, मान्य. मी 'संपत नाही' लिहिलं ते सैल झालं. पाहिलं तोवर संपली नाही, हेच नेमकं.

---

कोवळापाला

मी बारावीत आहे. प्रश्न बाळबोध असेल तर माफ करा. रोज झाकण उघडायचं, बारा फ्लास्क शेजारी शेजारी. बाहेरचा जिवाणू आत गेला नाही किंवा एका फ्लास्कमधला दुसऱ्यात गेला नाही हे कशावरून समजतं? सायट्रेट खाणारा बाहेरूनच आला असेल तर?

---

रानजाई

बाळबोध मुळीच नाही. स्वतः लेन्स्कींच्या गटाला पहिली शंका हीच आली होती. जानेवारी २००३मध्ये एक फ्लास्क नेहमीपेक्षा कितीतरी गढूळ दिसला. ३३,१२७वी पिढी होती. रोज हाताळणाऱ्याला तो फरक लांबून कळतो. सगळ्यांना वाटलं बाहेरचं काहीतरी घुसलं. मग त्या जिवाणूंचा डीएनए तपासला, आणि त्यात त्याच वसाहतीत आधी नोंदवलेली खास म्युटेशन्स (जनुकांतले बदल) सापडली. बाहेरून आलेल्या जिवाणूत ती असण्याचं कारणच नाही. घरचाच होता.

एका फ्लास्कमधून दुसऱ्यात जाण्यावर १९८८पासूनच तोडगा आहे. बारापैकी सहा वसाहती अशा पूर्वजापासून सुरू केल्या की जो अरॅबिनोज नावाची साखर खाऊ शकत नाही, आणि सहा ज्या खाऊ शकतात. त्या फ्लास्कमध्ये अरॅबिनोज नसतेच, त्यामुळे रोजच्या आयुष्यात काही फरक पडत नाही. पण विशिष्ट प्लेटवर वाढवल्या की न खाणाऱ्यांच्या कॉलनी (एकेका पेशीपासून वाढलेले ठिपके) लाल दिसतात आणि खाणाऱ्यांच्या पांढऱ्या. ट्रान्सफर घालताना एक लालवाला, एक पांढरा, एक लालवाला असं आलटून पालटून घेतात. शेजारच्याचा थेंब पडला तर चुकीच्या रंगाची कॉलनी उगवते.

याच रंगावर पणजोबा-पणतूची शर्यतही मोजतात. लाल पूर्वज आणि पांढरा वंशज एकत्र सोडायचे, दिवसाच्या सुरुवातीला आणि शेवटी प्लेट घालून लाल किती, पांढरे किती ते मोजायचं. बोटांनी, पेनाच्या टोकाने, एकेक ठिपका. मी मोजलेल्या कॉलनी डोळे मिटले की अजून दिसतात.

---

काचपट्टी

मी प्रयोगशाळा तंत्रज्ञ. सत्तावीस वर्षं झाली. धाग्याचा विषय माझ्या फार जवळचा आहे म्हणून पहिल्यांदाच एवढं लांब लिहितोय.

रानजाई, तुम्ही फ्रीजरला प्रयोगाचा निकाल म्हणालात. तो निकाल वितळताना मी पाहिलाय. कुठली संस्था ते सांगत नाही. शनिवारची रात्र होती. उणे ८०च्या फ्रीजरचा कॉम्प्रेसर गेला. अलार्म वाजला, पण अलार्मला जोडलेला फोन नंबर दोन वर्षांपूर्वी सोडून गेलेल्या विद्यार्थ्याचा. सोमवारी सकाळी मी दार उघडलं तेव्हा आत बर्फाचा वास नव्हता. ओल्या पुठ्ठ्याचा वास होता. खोक्यांवर मार्करने लिहिलेली नावं पाण्याबरोबर ओघळून खालच्या खणात गेली होती. अकरा वर्षांचे स्टॉक, म्हणजे गोठवून जपलेले नमुने. एक मुलगी तिथेच जमिनीवर बसली, बराच वेळ काही बोललीच नाही. तिच्या पीएचडीचं चौथं वर्ष होतं.

निम्मं नंतर परत मिळालं. कारण त्या आधीच्या तंत्रज्ञ बाईंनी कुणीही न सांगता महत्त्वाच्या प्रत्येक स्टॉकची एक नळी दुसऱ्या मजल्यावरच्या फ्रीजरमध्ये ठेवायची सवय लावून घेतली होती. वहीत एका ओळीत लिहून ठेवलं होतं. त्या निवृत्त झाल्या होत्या. फोन केला तर म्हणाल्या, तिसरा खण, मागे, निळं झाकण. आणि तिथेच होतं.

त्यांचं नाव कुठल्याच निबंधात नाही.

---

पानगळ

काचपट्टी, अंगावर काटा आला. लिहिलंत ते फार बरं केलंत.

---

रानजाई

काचपट्टी दादा, 'तिसरा खण, मागे, निळं झाकण' हे वाचून मी थोडा वेळ थांबले. मला धाग्यात जे म्हणायचं होतं ते तुम्ही पाच शब्दांत म्हटलंत.

तुमच्या अनुभवाशी जुळणारी एक गोष्ट. मार्च २०२०मध्ये प्रयोगशाळा बंद पडू लागल्या तेव्हा लेन्स्कींच्या गटाने बाराही वसाहती गोठवून ठेवल्या आणि नंतर पुन्हा सुरू केल्या. प्रयोग थांबला, पण तुटला नाही. दर ७५ दिवसांनी गोठवायची सवय त्यांना तीस वर्षांहून अधिक काळ होती, म्हणून ते निभावलं. टेक्सासला जाणंही त्याच सवयीवर झालं.

---

हिमकण

उशिरा आले धाग्यावर. या प्रयोगाचं एक धाकटं भावंड आहे, त्याबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून लिहिते.

अटलांटातल्या जॉर्जिया टेकच्या जीवशास्त्र विभागात विल्यम रॅटक्लिफ यांचा गट यीस्टवर असाच लांबचा प्रयोग चालवतो. त्याचं नावही लेन्स्कींच्या प्रयोगावरून घेतलंय. प्रश्न वेगळा आहे: एकेकटी जगणारी पेशी पुंजक्यात राहायला कशी लागली असेल? यीस्टमध्ये मुलगी-पेशी आईपासून सुटून जाते. एका जनुकात बिघाड झाला की ती सुटतच नाही आणि फांद्या फुटल्यासारखा पुंजका होतो. हिमकणासारखा दिसतो म्हणून स्नोफ्लेक यीस्ट. (माझं इथलं नाव तिथूनच.) रोजचं काम साधं आहे. नळी हलवायची, काही मिनिटं उभी ठेवायची, तळाशी जे आधी बसलं तेवढंच पुढे न्यायचं. मोठा पुंजका लवकर बसतो, म्हणजे रोज मोठ्यांची निवड.

२०२३मध्ये ओझान बोझदाग आणि सहकाऱ्यांचा निबंध नेचरमध्ये आला. ६०० दिवसांत पुंजके मूळच्या सुमारे २०,००० पट मोठे झाले, नुसत्या डोळ्यांना दिसायला लागले. आणि हे ऑक्सिजनशिवाय वाढवलेल्या वसाहतींत झालं. जिथे पेशी ऑक्सिजन वापरत होत्या तिथे पुंजके लहानच राहिले. नुसता आकारच वाढला नाही, सुरुवातीला जिलेटिनपेक्षाही लेचापेचा असणारा पुंजका लाकडासारखा चिवट झाला. पेशी लांबट झाल्या, फांद्या एकमेकींत अशा गुंतल्या की एक तुटली तरी पुंजका फुटत नाही. झुडपात हात घालून पाहा, तसं.

पण मला जास्त आवडली ती २०२५ची बातमी. काई टाँग आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की या यीस्टने पहिल्या ५० दिवसांतच आपल्या सगळ्या गुणसूत्रांची संख्या दुप्पट केली होती, दोन संचांचे चार. आणि नंतर साधारण ९५० दिवस ती टिकवली. प्रयोगशाळेत असे चार संच टिकत नाहीत, पेशी ते हळूहळू टाकून देतात, असाच अनुभव होता. इथे टिकले, कारण चार संचांच्या पेशी मोठ्या आणि लांब होतात आणि त्याचा पुंजक्याला पहिल्या दिवसापासून फायदा मिळतो. प्रयोग सुरू करताना कुणी हे शोधायला निघालं नव्हतं. नळ्या जपून ठेवल्या होत्या म्हणून मागे जाऊन पाहता आलं.

---

सडेतोड

हिमकण, ही माहिती नवीन होती. मागे जाऊन पाहता येणं हा मुद्दा आता तिसऱ्यांदा येतोय. बीलच्या बाटलीतलं संकरित बी, ब्लाउंटचा फ्रीजर, आणि हे. माझा आक्षेप मी थोडा बदलतो. दीर्घ प्रयोगाला पैसा द्यावा, पण त्यातला एक वाटा नमुने जपण्यासाठी आणि जपणाऱ्या माणसासाठी वेगळा राखलेला असावा. विद्यार्थी पाच वर्षांनी जातात. अनुदान त्याआधीच संपतं. काचपट्टींसारखा माणूस कायम पदावर नसेल तर बाकी सगळं हवेत आहे.

---

शेवाळ

सडेतोड यांच्याशी शंभर टक्के सहमत. अवांतर: क्योतो विद्यापीठात १९५४पासून फळमाश्या पूर्ण अंधारात वाढवत आणल्या आहेत. सुरुवात करणारे प्राध्यापक गेले, माश्या पुढच्यांनी सांभाळल्या.

---

मातीचाकण

आणि इंग्लंडमधल्या रॉथॅमस्टेडला १८४३पासून एकाच शेतात गव्हाचा प्रयोग चालू आहे. विद्यापीठ नव्हे, संशोधन केंद्र आहे, पण तिथेही दरवर्षीच्या गव्हाचे नमुने जपलेले आहेत. त्या जुन्या नमुन्यांतून गव्हावरच्या दोन बुरशींचा डीएनए काढून कुठली कधी वरचढ होती ते २००५मध्ये दाखवलं, आणि ते हवेतल्या गंधकाच्या प्रदूषणाशी जुळलं. त्या काळी गहू बरणीत भरणाऱ्याला डीएनए हा शब्दही माहीत असणं शक्य नव्हतं.

---

दवबिंदू

गेले तीन दिवस नुसती वाचते आहे. आता लिहायलाच हवं, कारण मला मदत हवी आहे.

माझी पीएचडी संपली. पुढच्या शुक्रवारी मी प्रयोगशाळा सोडते आहे. माझ्या नावावर फ्रीजरमध्ये नऊ खोकी आहेत, सातशेच्या वर नळ्या. निम्म्यांवर मी फक्त तारीख आणि माझ्यापुरती खूण लिहिली आहे, 'बी ४ नवा', 'बी ४ खरा नवा' असं. मला कळतं, दुसऱ्या कुणालाही कळणार नाही. गाइड म्हणाले, जमेल तेवढी यादी करून दे. काचपट्टींचा अनुभव वाचला आणि रात्री झोप लागली नाही. एका आठवड्यात काय काय करता येईल?

---

काचपट्टी

दवबिंदू, घाबरू नका. एक आठवडा पुष्कळ आहे.

सगळ्या सातशेंच्या मागे लागू नका. आधी निबंधात आणि प्रबंधात वापरलेले स्टॉक वेगळे काढा, ते शंभराच्या आतच असतील. त्यांची प्रत्येकी एक जादा नळी दुसऱ्या फ्रीजरमध्ये, शक्यतो दुसऱ्या मजल्यावर, दुसऱ्या वीजजोडणीवर. नळीवर खूण नको, क्रमांक लिहा. क्रमांकापुढची हकीकत यादीत: कोणता जिवाणू, कुणापासून बनवला, कशावर वाढतो, कुठलं अँटिबायोटिक, कुणी गोठवला, कधी. 'बी ४ खरा नवा' हेही यादीत राहू द्या, कारण तुमच्या वहीत तेच नाव आहे आणि शोधणारा तिथूनच येणार. उणे ८०ला टिकणारी लेबलं वापरा, साधी चिकटपट्टी सुटते. खोकं कोरड्या बर्फावर ठेवूनच काम करा, एका वेळी एकच खोकं बाहेर.

यादी छापून एक प्रत फ्रीजरच्या दारावर लावा. आणि अलार्मचा नंबर कुणाचा आहे ते जाताना बघा.

---

रानजाई

याला एकच जोड देते. तुमच्यानंतर त्या बाकावर जो कुणी बसणार असेल, त्याला शेजारी उभं करून दोन-तीन नळ्या त्याच्या हाताने जाग्या करायला लावा. यादीत चूक असेल तर ती तिथेच सापडते, तुम्ही अजून खोलीत असताना.

---

दवबिंदू

मनापासून आभार. आज प्रबंधातले स्टॉक मोजले, ब्याऐंशी निघाले. नवीन आलेल्या मुलीला बरोबर घेतलं. पहिल्याच खोक्यात दोन नळ्यांची अदलाबदल सापडली, माझ्याच हातची, तीन वर्षांपूर्वीची. प्लेटवर घालून खात्री करतोय, उद्या सकाळी कॉलनी दिसतील. अलार्मचा नंबर बघितला. आमच्या आधीच्या सीनियरचा होता. आजच बदलून घेतला.